ऑड्रीच्या जागेवर

बेथनी अक्रॉइडने ती पँट तिसऱ्यांदा शिवली आणि तिसऱ्यांदा आत्याच्या पुढ्यात आणून टाकली. ग्लेनिस आत्याने डोक्यावरचा चष्मा नाकावर घेतला, पँट उलटी केली, सुलटी केली, कमरेला धरून एकदा झटकली आणि घडी घालून परत दिली.

"पडदे छान झालेत," ती म्हणाली.

"आत्या!"

"मग काय म्हणू? तुझ्या रॉयकाकाने नाचताना गिरकी घेतली की त्याची पँट घोट्यापाशी फुलायची, आणि तो थांबला की त्याच्याबरोबर थांबायची. ही तुझी नुसतीच लोंबतेय. माणूस थांबला तरी हिचं आपलं चालूच."

बेथनीला रडू यायचं तेवढं बाकी होतं. लंडनच्या फॅशन कॉलेजातलं तिचं शेवटचं वर्ष. जूनमध्ये शो, प्रत्येकाचे सहा पोशाख. ज्याचे पोशाख शोमध्ये त्याच्याकडे कपड्यांच्या मोठमोठ्या कंपन्यांची माणसं बघणार. ज्याचे नाहीत, त्याने तीन वर्षांचे कागदी नमुने गुंडाळून आपल्या गावची गाडी धरायची. बेथनीने विषय घेतला होता आपल्याच लोकांचा. लीड्सच्या शिवणकारखान्यांतली माणसं: आठवडाभर मशीनवर वाकणारी, शनिवारी संध्याकाळी दोन बसगाड्या बदलून 'सोल' संगीताच्या नाचाला जाणारी, पिशवीत बदलायला शर्ट आणि पाय सुळकन घसरावा म्हणून टाल्कम पावडरचा डबा. अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या ज्या तबकड्या तिकडे कोणी विकत घेतल्या नाहीत, त्यांच्यावर ही मंडळी सकाळपर्यंत नाचायची. सोमवारी पुन्हा मशीन. आणि वेळ आली की त्याच पायांनी मोर्चात. असे पाय असलेल्या माणसांचे कपडे करायचे, तर ते लोंबून कसं चालेल?

पाच पोशाख झाले होते. मशीनवरच्या बायकांच्या नायलॉनच्या झग्याचा एक लांब कोट केला होता. मोर्चाच्या फोटोत सगळ्यांच्या डोक्याला रुमाल होते, त्यांचं कापड जोडून एक अंगरखा केला होता. अडत होतं ते सहाव्यावर. नाचणाऱ्यांची ती उंच कमरेची, पायाशी तीस इंची मोहरीची पँट. तीच नसेल तर बाकीच्या पाचांना काही अर्थ नव्हता.

"मग तूच शिवून दे ना," बेथनी वैतागून म्हणाली. "एकतीस वर्षं लमवेलच्या कारखान्यात होतीस."

"मला पँट येत नाही."

"काय?"

"मला कंबरपट्टी येते." आत्याने चहाचा घोट घेतला. "एकतीस वर्षं पट्टीच लावली. पट्टीच्या खाली पाय असतात हे मला लोकांना चालताना बघून कळलं."

ही थट्टा नव्हती. लमवेलमध्ये अख्खी पँट कोणालाच येत नव्हती. एकीने खिसे करायचे, दुसरीने बाजू शिवायच्या, तिसरीने चेन लावायची, चौथीने पट्टी, पाचवीने काजं. गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात सरकत जायचा. मालकाने ती व्यवस्था केली होती, एकीला सगळं आलं तर ती उद्या स्वतःचं दुकान टाकेल म्हणून. पण दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत साहेब गावात जेवायला गेला की त्याच रांगेतून भलतीच कापडं सरकायची. नाचायला जाणाऱ्या पोरांच्या पँटी, कुणाच्या बहिणीच्या लग्नाचा कोट, पोटुशी राहिलेल्या एखादीसाठी सैल झगा. त्याला कारखान्यात 'बाहेरचं' म्हणत. बाहेरचं काम कोणी केलं, हे कोणी कोणाला विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो कधी मोडला गेला नाही.

"म्हणजे रॉयकाकाची पँट किती जणींनी शिवली?"

आत्याने बोटं मोजली. "सात. कापली पुरुषांनी; ते वर कापायच्या खोलीत, शहाणे."

"त्यातल्या किती आहेत अजून?"

"सहा," आत्या म्हणाली, आणि कप खाली ठेवून, "ऑड्री गेली."

*

लीड्समधल्या आर्मलीच्या कामगार क्लबात वरच्या मजल्यावर एक खोली आहे. मंगळवारी तिथे बिंगो असतो आणि एरवी कोणी फिरकत नाही. शनिवारी सकाळी सहा बायका आपापली मशीनं घेऊन तिथे आल्या, कोणी जावयाच्या गाडीतून, कोणी बाजाराच्या ढकलगाडीत घालून. सगळ्यांत धाकटी अडुसष्टची. येताना बसायची उशी प्रत्येकीने आणली होती, कारण क्लबाच्या खुर्च्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. आणि बघता बघता, कोणी काही न सांगता, त्या रांगेने बसल्या. पन्नास वर्षांपूर्वी बसत होत्या तशा, त्याच क्रमाने. बेथनी दारात उभी राहून बघत राहिली. कॉलेजात तिने अशा रांगांचे फोटो पाहिले होते. फोटोत त्या चिमणीएवढ्याही बोलत नाहीत. इथे गलका असा की खालून स्नूकर खेळणारे वर येऊन बघून गेले.

चेन लावायची ती नोरीन. आडव्या बांध्याची, आवाज असा की क्लबाला घंटा लागत नाही. काजं करायची ती पर्ल. सेंट किट्स या कॅरिबियन बेटावरून बाराव्या वर्षी आली ती लीड्सच्या चॅपलटाऊनलाच राहिली, आणि अजूनही थंडीबद्दल रोज नव्याने तक्रार करते. पर्लने आधी भिंतीवर लावलेली बेथनीची रेखाटनं पाहिली. एका जॅकेटच्या पाठीवर वळलेली मूठ काढली होती.

"ही मूठ कुठून आणलीस गं?"

"सोल क्लबच्या बिल्ल्यांवर असायची ना."

"आणि त्यांनी कुठून आणली?"

बेथनीला ते माहीत होतं. "तुमच्या लोकांकडून. काळ्यांच्या लढ्यातून."

"हां. उसनी दिलीय, बक्षीस नाही दिली." पर्ल दोरा ओवू लागली. "काढ छान, पण आठवण ठेव."

रांगेत पहिली खुर्ची रिकामी होती. ती ऑड्रीची. कोणी तिच्यावर पर्ससुद्धा ठेवली नाही. पण खिशाशिवाय पँट पुढे सरकणार कशी? नोरीन म्हणाली मी करते, आणि तिने केलेला खिसा पाहून सगळ्या इतक्या हसल्या की तिने तो स्वतःच फाडला. कोणालाच येत नव्हतं. आत्या एकदम उठली, घरी गेली आणि अर्ध्या तासाने कागदात गुंडाळलेली एक पँट घेऊन आली. गडद निळी, उंच कमरेची, कंबरपट्टीला चार बटणांची. तिच्या गेलेल्या नवऱ्याची, रॉयची.

"उसव," ती बेथनीला म्हणाली.

"आत्या, ही रॉयकाकाची..."

"तो काही घालायला येत नाही. ऑड्रीच्या हातचे खिसे तेवढे उरलेत. आत काय केलंय बघायचं असेल तर उसवायलाच पाहिजे." तिने कात्री पुढे केली. "एक खिसा. दुसरा राहू दे मला."

बेथनीने त्या टिपा एकेक करून सोडवल्या. इतक्या बारीक आणि इतक्या सारख्या टिपा तिने कॉलेजातल्या महागड्या नमुन्यांतही पाहिल्या नव्हत्या, आणि या तर जेवणाच्या सुट्टीत, एक डोळा दारावर ठेवून घातलेल्या. खिशाची पिशवी बाजूला संपत नव्हती. ती आतून थेट चेनपट्टीपर्यंत नेऊन तिथे अडकवली होती. म्हणून गिरकी घेतली तरी पुढची बाजू ताठ राहायची आणि सगळा घेर खाली जायचा. पँट फुलायची ती खिशामुळे! बेथनीच्या तोंडून नकळत "आई गं" निघालं. ही अक्कल कुठल्या पुस्तकात नव्हती; ज्या बाईकडे होती तिला कोणी कधी विचारलंही नव्हतं.

"बस तिथे," आत्याने रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

पहिला खिसा नोरीनने पाहिला आणि म्हणाली, "उसव." दुसरा पर्लने पाहिला आणि परत दिला. तिसरा बेथनीने स्वतःच उसवला. चौथा जरा बरा वाटत होता, पण आत्याने बोट आत घालून पिशवी ताणली आणि मान हलवली. पाचवा खिसा रांगेत पुढे सरकला. बाजू शिवणाऱ्या दोघींनी मागचा पाव इंच जास्तीचा भाग चुणी न पडू देता बोटांनी रिचवत पुढच्या भागाला जोडला, नोरीनने चेन लावली, आत्याने पट्टी, पर्लने काजं, आणि शेवटी इस्त्रीवालीने ओल्या फडक्यावरून वाफ देत मोहरी ओढून बसवली. तिसऱ्या शनिवारी पँट झाली. क्लबाच्या बारमधला बत्तीस वर्षांचा, तरी पोऱ्यासारखा दिसणारा जेसन ती घालून टेबलांमध्ये एक गिरकी घेऊन दाखवायला कबूल झाला. पँट फुलली. जेसन थांबला आणि ती त्याच्याबरोबर थांबली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लीड्सच्या माणसाला कौतुक करणं जिवावर येतं. इस्त्रीवालीने नाक शिंकरलं, आणि आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चहा टाकते."

*

कॉलेजचा नियम साधा होता. बाहेरची मदत चालते, पण ती कागदावर लिहायची, आणि मदत करणाऱ्याने सही करून ते मान्य करायचं. बेथनीने कागदावर सहा नावं अभिमानाने लिहिली, खाली त्यांचे फोन नंबर लिहिले, सह्या नंतर आणते म्हणाली. आठवड्याने तिच्या प्राध्यापिका इमोजेन वायब्रो यांनी तिला खोलीत बोलावलं. बाई उंच, काळ्या कपड्यांतल्या, मोजकं बोलणाऱ्या; बेथनीच्या कामावर त्यांचा पहिल्यापासून जीव होता.

"मी तिघींना फोन केला," त्या म्हणाल्या. "नोरीनबाई म्हणाल्या, त्यांनी वीस वर्षांत सुई हातात धरलेली नाही. पर्लबाई म्हणाल्या की त्यांना आता दिसतच नाही. आणि तुझी आत्या म्हणाली, 'कसली पँट?'"

बेथनी समोरच्या खुर्चीत बसली.

"बेथनी, गेल्या वर्षी एका मुलाने आजा कोळी होता म्हणून जाळ्यांचे कोट केले. लोकांनी डोळ्यांत पाणी आणून पाहिले. आजा निघाला बँकेत मॅनेजर. या खोलीत गरिबांचं नाव सांगून कपडे विकणारे मी पुष्कळ पाहिलेत. तू त्यातली आहेस असं मला वाटत नाही. पण या बायका तू रचून सांगितल्यास, असं कागद म्हणतोय. गुरुवारपर्यंत सह्या नाही आल्या तर मला हे पोशाख शोमधून काढावे लागतील. सगळे सहा."

त्या दिवशी बेथनी लीड्सच्या गाडीत बसली ती खिडकीबाहेर न बघता. आत्याच्या स्वयंपाकघरात शिरली तेव्हा कोटसुद्धा काढला नाही.

"आत्या, तू नाही म्हणालीस?"

"म्हणणारच." आत्या कांदा-चीजची पाई ओव्हनमधून काढत होती. "कोणीतरी ऑफिसातली बाई फोन करते, नाव विचारते, आणि म्हणते ही पँट तुम्ही शिवली का. काय म्हणू, हो? तुझं काम वाचवलं आम्ही. नोरीनने तर लगेच मला फोन करून सांगितलं, मी काही बोलले नाही म्हणून."

"अगं, पण ती कोणाला कामावरून काढणार आहे? लमवेल पाडून तिथे गाड्या उभ्या राहतात! त्या बाहेरच्या कामाला पन्नास वर्षं झाली!"

"हो. सवय आहे."

"सवय नाही. घाबरता तुम्ही."

ते बोललं आणि बेथनीला लगेच वाटलं, बोलायला नको होतं. आत्याने पाई टेबलावर ठेवली, हातमोजे काढले आणि खुर्चीत बसली.

"सत्तर सालच्या थंडीत संप झाला," ती म्हणाली. "तासाला एक शिलिंग जास्त द्या, एवढंच. युनियनचे साहेबसुद्धा आमच्या विरुद्ध. आम्ही पायी निघालो, एका कारखान्याच्या खिडक्यांखाली उभं राहायचं आणि वरच्यांना हाका मारायच्या. वरच्या बायका मशीन बंद करून खाली यायच्या. गर्दी वाढत गेली, दुसऱ्या कारखान्याकडे. मी सतरा-अठराची. असं काही मी पुन्हा पाहिलं नाही, बेथनी. पुरुष दाराशी उभे राहून बघत होते, आणि आम्ही गात चाललो होतो." ती थांबली. "मागण्यांच्या कागदावर सही कोणी करायची, तर ऑड्रीने पहिली केली. चांगली, ठळक, वाचता येईल अशी. आम्ही बाकीच्यांनी नुसत्या रेघोट्या मारल्या. संप मिटला. साहेबाने तिला काढलं नाही, तेवढा तो हुशार होता. तिच्या हातात झाडू दिला. वर्षभर तिने आमच्या पायांखालचे दोरे झाडले. आमच्यातल्या सगळ्यांत चांगल्या हातांनी. आणि आम्ही मान खाली घालून टिपा मारल्या."

बेथनीने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग म्हणाली, "म्हणून सही नाही करायची?"

"तुला हवं ते सांग तिला. सगळं तूच केलंस म्हण. आम्ही कोण येतोय भांडायला?"

"आत्या, मग मी कोण झाले? तुमच्या हातचं काम घ्यायचं आणि नाव माझं लावायचं. म्हणजे साहेबच झाले की मी."

आत्याने तिच्याकडे असं पाहिलं की बेथनीने नजर खाली घेतली. पाई गार होत होती. शेवटी आत्याने सुरी घेतली आणि दोन तुकडे केले.

"बोलाव तिला इथे," ती म्हणाली. "सही करेन असं म्हणत नाहीये मी. बोलाव नुसतं."

*

बुधवारी दुपारी इमोजेनबाई क्लबाच्या वरच्या खोलीत आल्या आणि बेथनीने कपाळाला हात लावला. मशीनं गायब होती. म्हणजे होती तिथेच, पण त्यांच्यावर बिंगोची टेबलक्लॉथं टाकून वर केकच्या बशा मांडल्या होत्या. सहाही जणी केस करून, चांगले कार्डिगन घालून, रांगेने नाही तर गोल बसल्या होत्या, जणू आयुष्यात कधी त्या एका ओळीत बसल्याच नव्हत्या.

"बसा हो, बसा. गाडीला गर्दी होती का?" नोरीनने चहा ओतला. "साखर?"

"बेथनीच्या पँटबद्दल—"

"कसली पँट?" पर्लने अगदी गोड विचारलं, आणि चष्मा पुसून परत पर्समध्ये ठेवला, दिसत नाही ना म्हणून.

बेथनीने आत्याकडे पाहिलं. आत्या किटलीत बघत होती. दहा मिनिटं चहा, हवामान आणि लंडनमधल्या केकच्या किमती यांवर गेली. इमोजेनबाईंनी आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. त्यांनी फक्त पिशवीतून पँट काढली आणि टेबलावर पसरली. चष्मा लावला. आणि त्या बघायला लागल्या. बेथनीने पाहिलं, त्यांचा चेहरा बदलला. त्या प्राध्यापिका राहिल्या नाहीत, शिवणारी बाई झाल्या. बाजूची शिवण बोटांनी चाचपली, आतली बाजू बाहेर काढली, मोहरी प्रकाशात धरली.

"अप्रतिम आहे," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "बाजू कशा रिचवल्यात. फक्त इथे, ही चेन. वरच्या टोकाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, डावीकडे गेलीय. ही चूक राहिली."

नोरीनचा कप बशीवर आपटला.

"चूक?"

"नोरीन," आत्या हळूच म्हणाली.

"नाही, थांब. चूक? बाई, तुम्ही कधी नाचता नाचता पाय फाकवून खाली बसलात का? नाही ना? सरळ चेन लावली की पुरुष खाली बसला की ती पोटाशी फुगते, आणि फुगली की दात सोडते. सत्याहत्तर साली एकाची सुटली, अख्ख्या हॉलने पाहिली, बिचाऱ्याने गाव सोडलं! तेव्हापासून मी दोन सूत डावीकडे लावते. मुद्दाम! हजार पँटींना लावली असेल, एकीचाही दात..."

आणि तिला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. खोलीत खालच्या मजल्यावरचे स्नूकरचे चेंडू ऐकू येऊ लागले.

"झालं," आत्या म्हणाली. "बोललीस."

"तिने चूक म्हटलं, ग्लेनिस!"

"आणि काजं?" पर्लने उठून पँट स्वतःकडे ओढली. चष्मा पर्समधून बाहेर आला. "काजांबद्दल काय म्हणणं आहे तुमचं? एक तरी धागा सुटलेला दाखवा."

"काजं मी इतकी चांगली—"

"दाखवाच ना."

मग त्या थांबल्याच नाहीत. बाजू शिवणाऱ्या दोघी एकाच वेळी बोलू लागल्या, इस्त्रीवालीने बशा बाजूला सारून टेबलक्लॉथ ओढला आणि मशीन उघडं पडलं. मग तिनेच इमोजेनबाईंची बोटं धरून मोहरीची दुमड कुठे जाड ठेवायची ते दाखवलं. आत्याने सगळ्यांच्या शेवटी पँट घेतली आणि पट्टी उलटवून धरली. "मागे मध्यावर शिवण सोडलेली आहे, बघा. माणूस जाड होतो. रॉय झाला. पट्टी सोडवून मोठी करता आली पाहिजे, नाहीतर एवढी पँट वाया." इमोजेनबाई वहीत भराभर लिहीत होत्या. पानं संपली तेव्हा त्यांनी बिंगोच्या कागदाच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली. बेथनी भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते, आणि तिने ते पुसले नाहीत. या बायकांना कोणतीही चौकशी, कोणताही साहेब बोलतं करू शकला नसता. त्यांच्या कामाला कोणी नाव ठेवलं, तेवढं मात्र त्यांना सहन झालं नाही.

"आणि खिसा?" इमोजेनबाईंनी विचारलं. "पिशवी चेनपर्यंत नेलीय. सगळा तोल त्याच्यावर आहे. हा खिसा कोणी केला? बाकीच्या कामाइतका सफाईदार नाही, पण..."

बेथनी पुढे आली.

"मी. ऑड्रीच्या खिशावरून."

"सफाईदार नाही," आत्या म्हणाली, "कारण तिचा पाचवा आहे. ऑड्रीचा लाखावा होता." मग इमोजेनबाईंकडे वळून ती म्हणाली, "तो कागद आणलाय का तुम्ही?"

इमोजेनबाईंनी कागद काढून दिला. वर छापलेलं होतं: कल्पना आणि रचना, बेथनी अक्रॉइड. खाली रिकामी जागा. आत्याने पेन घेतलं. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली, आणि बाकीच्या पाच जणी तिच्या हाताकडे. मग तिने लिहिलं: 'कंबरपट्टी', आणि त्याच्यापुढे पूर्ण नाव, ठळक, वाचता येईल असं. रेघोटी नाही. तिने पेन नोरीनला दिलं. नोरीनने 'चेन' लिहून खाली दोनदा रेघ ओढली.

"आता काढा म्हणावं कामावरून," ती म्हणाली. पर्ल हसली तशा सगळ्याच हसल्या. पेन रांगेतून फिरत गेलं. काजं. बाजू, आणि बाजू. मोहरी आणि इस्त्री, एकीच्याच नावापुढे.

कागद परत आत्यापाशी आला. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि बेथनीपुढे सरकवला.

"खिसा राहिलाय."

"आत्या, माझं नाव वर आहेच की."

"वर आहे ते डोक्याचं," आत्या म्हणाली. "हाताचं इथे लिही."

बेथनी टेबलाशी बसली. सगळ्यांच्या ओळीत, सगळ्यांएवढ्याच अक्षरात तिने 'खिसा' लिहिलं आणि त्याच्यापुढे आपलं नाव लिहिलं.